रोहिणखेडच्या मातीतलं मेण

नागपूर
९ डिसेंबर २०२३

प्रिय राबिया,

बुलढाण्याला आपल्या कॉन्व्हेंटमध्ये शनिवारचा शेवटचा तास शिवणाचा असायचा. थंडीत सिस्टर बेनेडिक्टा आपल्याला मागच्या पायऱ्यांवर उन्हात बसवायच्या. मला सुईत दोरा ओवता यायचा नाही, म्हणून तू तुझी आणि माझी, दोन्ही सुया ओवायचीस. तुझी तुरपाई वाकडी पडायची, ती मी गुपचूप उसवून नीट करायची. राजूर घाटातून एसटी वर चढताना घरघरायची आणि ती मोताळ्याची की मलकापूरची, यावर तू पैज लावायचीस. बस, एवढंच. आज शनिवार, दुपारचं ऊन टेबलावर आलं आणि तू शेजारी बसल्यासारखं वाटलं.

काल नौशादचा फोन आला. "आंटी, अम्मीची नुसती कंबर नाही दुखत, आजार हाडात उतरला आहे," म्हणाला पोरगा. मी त्याला म्हटलं, घाबरायचं नाही, आधी जुने कागद पाठव. त्याने तुझ्या छातीतल्या गाठीच्या दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा रिपोर्ट मोबाइलवर पाठवला. मी तो नीट वाचला. राबिया, त्यात एक चाचणी अर्धवट राहिलेली आहे. त्या गाठीत एक विशिष्ट प्रथिन जास्त आहे का, या प्रश्नाला उत्तर आलंय "धड हो नाही, धड नाही नाही". अशा वेळी पुढची एक पक्की चाचणी करायची असते. ती कुणी केलीच नाही. ती जर "हो" आली, तर तुझ्यासाठी नेमकी त्याच प्रथिनावर काम करणारी इंजेक्शनं आहेत आणि ती हाडात उतरलेल्या आजारावरही चालतात. म्हणजे सगळं त्या एका उत्तरावर आहे.

माझी प्रयोगशाळा कुठल्या एका हॉस्पिटलची नाही, हे तुला माहीत आहे. अनेक रुग्णालयांतून ऑपरेशनमधले तुकडे आमच्याकडे येतात. आम्ही ते मेणात बसवतो, कापतो, रंगवतो, तपासतो आणि जपून ठेवतो. पुढे कर्करोगावर संशोधन करणारा कुणीही मागायला आला, तर त्यालाही त्यातले काप देतो. प्रत्येकाने वेगळं यंत्र आणि वेगळं कपाट कशाला मांडायचं, म्हणून सगळ्यांत मिळून ही एक जागा.

तर तुझ्या गाठीचे ब्लॉक मला पाठव. मेणाचे लहान चौकोनी ठोकळे असतात, पेढ्याएवढे, प्लास्टिकच्या जाळीवर बसवलेले. हॉस्पिटलने तुम्हाला ते दिले असणार. कपाटात बघ.

फोनवर तुझ्यामागे सगळं घर बोलत असतं, म्हणून पत्र. उत्तरही पत्रानेच दे.

तुझी,
रेणू


रोहिणखेड, ता. मोताळा
२१ डिसेंबर २०२३

प्रिय रेणू,

सलाम. तुझं पत्र पोस्टमनने सिंधूताईंच्या हातात दिलं आणि त्या शेजारधर्माने ते उजेडाला धरून बघतच घेऊन आल्या. "काऊन वं राबिया, नागपूरहून कोन एवढं लंबं लिवते? सासू बी मले कधी एवढं बोलली नाई." मी म्हटलं, शाळेतली मैत्रीण. "मंग ठीक. मले वाटलं कोर्टाचं हाय."

इथे तूर कापणीला आली आहे. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, त्यामुळे घरात यांचे पाय नसतात. नौशादची मिस्बाह आता पाचवीत आहे आणि मला इंग्रजी कविता म्हणून दाखवते. उच्चार ऐकून सिस्टर बेनेडिक्टा बेशुद्ध पडल्या असत्या. कंबर दुखते, पण उशी लावून बसलं की जमतं. तू उगाच काळजी करू नकोस.

ते मेणाचं तू लिहिलंस. बघते. जुन्या वस्तू कुठे कुठे ठेवल्या जातात. ते न मिळाल्यास हाडातून नवीन तुकडा काढता येणार नाही का? नौशाद म्हणाला, सुई घालून काढतात.

यावर्षी बोरं खूप आली आहेत. तुझ्याकडे कुणी येणार असेल तर पाठवीन.

तुझी,
राबिया


नागपूर
२९ डिसेंबर २०२३

प्रिय राबिया,

बोरांचं तू दोन ओळींत लिहिलंस आणि माझ्या प्रश्नाचं "बघते". मी तुला ओळखत नाही का?

हाडातून तुकडा काढता येतो. पण हाड कडक. ते कापण्याजोगं करायला आम्लात ठेवून मऊ करावं लागतं. त्या आम्लाने नेमकं तेच बिघडतं जे मला मोजायचं आहे. चाचणी खोटी बोलू शकते आणि खोट्या उत्तरावर मी तुझी औषधं ठरू देणार नाही. मला जुनी गाठच हवी.

तू सांगत नाहीस, म्हणून मी हॉस्पिटललाच फोन केला. तिथल्या बाईंनी शोधून सांगितलं: तिन्ही ब्लॉक पेशंटचे यजमान घेऊन गेले. म्हणजे ते तुमच्याच घरी आहेत.

आता रागवू नकोस, पण विचारते. दुल्हेभाईंना तुला पुन्हा दवाखान्यात न्यायचं नाही का? कापूस, तूर, मग गहू, मग आणखी काही, असं चाललं आहे का? की बायकोच्या छातीचा तुकडा परक्यांनी काचेखाली बघायचा, याची त्यांना लाज वाटते? असं असेल तर मला स्पष्ट सांग, मी मलकापूरला उतरून स्वतः येते आणि त्यांच्याशी बोलते. बायका गेल्यावर रडणारे नवरे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या आधी चार पावलं चालणारे मला हवे आहेत.

रेणू


रोहिणखेड
६ जानेवारी २०२४

प्रिय रेणू,

तू चुकलीस. आणि यांच्याबद्दल असं लिहिलंस म्हणून मला आता सगळं सांगणं भाग आहे. मी लपवत होते ते मला वाचवायला नाही, यांना वाचवायला. शिकलेली माणसं यांना हसतील, ते मला सोसवणार नाही.

ते ब्लॉक घरात नाहीत. कबरस्तानात आहेत.

ऑपरेशननंतर मी शुद्धीत नव्हते, नौशाद तेव्हा सौदीत होता. आमच्यात अंगातून निघालेलं काही फेकत नाहीत. केस, नखंसुद्धा काही घरांत मातीत पुरतात. हात किंवा पाय कापावा लागला तर तो कापडात गुंडाळून दफन करतात. यांनी डॉक्टरांना विचारलं, काढलेलं काय केलं? ते म्हणाले, बाकीचं नियमाप्रमाणे नष्ट केलं, एवढं मेणात ठेवलंय, दुसरीकडे उपचार घ्याल तर हे सोबत न्या, आणि एक पुडकं हातात दिलं. यांनी ऐकलं ते एवढंच, की माझ्या काढलेल्या अंगापैकी आता एवढंच उरलं आहे. "सोबत न्या" चा अर्थ त्यांनी त्यांच्या परीने लावला.

घरी आल्यावर त्यांनी पांढरं कापड आणलं, ते ठोकळे धुतले नाहीत, उघडले नाहीत, तसेच गुंडाळले आणि अम्मींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या कबरीच्या पायथ्याशी नेऊन ठेवले. मला कितीतरी दिवसांनी सांगितलं. म्हणाले, "अम्मीले सांगून आलो. म्हटलं, तुया सुनंचं थोडंसं तुयाजवळ ठिवतो, सांभाळजो. बाकीची माझ्याजवळ राहू दे."

आता सांग, याला मी काय म्हणायला हवं होतं? घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण मोठी गोष्ट असली की हे वऱ्हाडीत बोलतात, शेतात बोलल्यासारखं. तेव्हाच मला कळतं की आतून हललेत.

तुझं पहिलं पत्र वाचलं त्या दिवसापासून मला ठाऊक होतं की ते परत मिळणार नाहीत. दोन पावसाळे, दोन उन्हाळे. इथला मे महिना तुला माहीत आहे. मेणाचं काय राहिलं असेल? हे मला विचारतात, तुझी मैत्रीण काय म्हणते? मी म्हणते, बरी आहे म्हणते.

तर रेणू, झालं ते झालं. दुसरं काही करता येत असेल तर कर. यांना मात्र दोष देऊ नकोस.

राबिया


नागपूर
११ जानेवारी २०२४

माझी राबिया,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत उभ्याने वाचलं. प्राची, जी आमच्याकडे काप करते, तिने विचारलं, मॅडम, हसताय की रडताय? मी म्हटलं, खुर्ची दे.

आधी दुल्हेभाईंसाठी: मी जे लिहिलं ते मागे घेते. त्यांना मी चार पावलं चाला म्हटलं. ते तर माझ्या आधी चालून आले होते.

आता ऐक. झालं ते झालं, असं मुळीच नाही.

आमचं मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं. तुमच्या मे महिन्यात वरची माती पाय भाजते, पण हातभर खाली गेलं की ती माठातल्यासारखी थंड असते. पाणी मेणात शिरत नाही. आणि तुझी गाठ मेणात जाण्यापूर्वीच औषधात पक्की केलेली आहे, तिला कुजायला आता काही शिल्लक नाही. वरून बुरशी आली असेल, मुंगीने कोपरा कुरतडला असेल. येऊ दे. वरचा थर आम्ही तासून टाकतो, आत स्वच्छ असतं. नंबर प्लास्टिकवर पेन्सिलीने लिहिलेला असतो, आमच्याकडे शाई कुणी वापरत नाही, कारण औषधांत शाई धुऊन जाते. पेन्सिल जात नाही. म्हणजे तो ठोकळा तुझाच आहे, हेही सिद्ध होईल.

मी तुला धीर देण्यासाठी लिहीत नाही. मी हेच काम करत म्हातारी झाले. कौलारू गोदामांतून, पुरात भिजलेल्या कपाटांतून आलेले ब्लॉक मी वाचले आहेत. ते मिळाले तर मी उत्तर काढीन.

ते काढा. लोखंडी फावडं जपून, शेवटची माती हाताने. धुऊ नका, उन्हात ठेवू नका, चुलीजवळ तर नाहीच. कापडासकट डब्यात घालून आणा.

काढायचे की नाही, हे मात्र मी सांगणार नाही. ते तुझं आणि त्यांचं.

तुझी,
रेणू


रोहिणखेड
२८ जानेवारी २०२४

प्रिय रेणू,

मी यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. पूर्ण ऐकलं आणि उठून गोठ्यात गेले. जेवायला आले तेव्हा म्हणाले, "दिलेलं वापस मागत नसतात. अम्मीले काय सांगू?"

मी म्हटलं, मला काय सांगाल ते आधी ठरवा.

रेणू, आमच्या लग्नात मी यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जुन्या मशिदीत नमाज झाल्यावर ते मौलानांकडे थांबले. मौलाना वयाने नौशादएवढे, पण माणूस समजदार. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "चाची जिवंत आहे ना?" हे म्हणाले, हाव. "मग तिचं तिले द्या. मातीले कधीच घाई नसते, चाचा."

हे परत आले आणि त्यांनी ती गोष्ट सिंधूताईंच्या ओट्यावर बसून सांगितली, मला नाही. मी आतून ऐकत होते. सिंधूताई म्हणाल्या, "पाह्य भाऊ, माह्या मालकानं माही अक्कलदाढ उपटली तवा उकिरड्यावर फेकली. तुमी बायकोचं एवढंसं कापडात गुंडाळून आईपाशी ठिवलं. आता काढून आना. सासू हाय ती, सुनंसाठी पहिल्यांदाच कायतरी देऊन राह्यली, नाई म्हनते का?"

हे हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

शुक्रवारी सकाळी हे, नौशाद आणि मौलाना गेले. मी गेले नाही, माझ्याने चालवत नाही. नौशादने सांगितलं की फावडं अब्बांनी कुणाला हात लावू दिलं नाही. कापड हाताला लागल्याबरोबर फाटलं. आत तिन्ही ठोकळे होते. एकाचा कोपरा गेलाय. बाकी तू म्हणालीस तसंच, पेन्सिलीचा नंबर वाचता येतो. हे बराच वेळ खड्ड्याशी बसले होते, म्हणाला. काय बोलले ते त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकून मला सांगितलं नाही.

माझ्या स्टीलच्या डब्यात ठेवलेत. हे स्वतः घेऊन येणार आहेत. नौशादला देत नाहीत. सोमवारी मलकापूरहून गाडीने निघतील. रेणू, तुझ्या लोकांना सांग, यांना बाहेर बाकावर बसवून ठेवू नका.

राबिया


नागपूर
१० फेब्रुवारी २०२४

प्रिय राबिया,

आधी उत्तर. "हो" आहे.

निखालस हो. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या ठिपक्यांच्या शेजारी लाल ठिपके, म्हणजे ते प्रथिन बनवणारी जनुकं, झुंबडीने बसले होते, जत्रेत बसतात तसे. मी मोजले, प्राचीने वेगळे मोजले, मग मी दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा चाचणी केली. रिपोर्ट नौशादला आणि तुझ्या डॉक्टरांना गेला आहे. इंजेक्शनं अकोल्यातच मिळतील. लगेच सुरू कर.

आता दुल्हेभाईंबद्दल. मी त्यांना आत नेलं. डबा त्यांनी मांडीवर धरला होता. प्राचीने पहिला ब्लॉक यंत्रावर लावला आणि वरचा मातकट थर तासू लागली. नारळाच्या किसासारखा भुसा पडत होता. त्यांनी विचारलं, "हे कुठं जाते?" प्राची सहज म्हणाली, कचऱ्यात. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि टेबलाच्या कडेला पसरला. प्राचीचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग तिने तो सगळा भुसा कुंचल्याने रुमालात लोटला. तिन्ही ब्लॉकचा. त्यांनी चारी टोकं बांधली.

नंतर मी त्यांना कोठी दाखवली, जिथे भिंतभर खणांत हजारो लोकांचे ठोकळे आहेत. ते फिरले, मग मला म्हणाले, "इतके लोक. यांच्या घरचं कोनी येते का?" मी म्हटलं, बहुतेक नाही. "मंग यांचं इथं कोन हाय?" मी म्हटलं, मी आहे. राबिया, हे वाक्य मी आधी कधी उच्चारलं नव्हतं, पण ते खरं आहे, आणि बोलल्यावर मला ते आवडलं. ते म्हणाले, "मंग ठीक हाय, रेणूबाई." जाताना त्यांनी मला हुरड्याची पिशवी दिली. तुझी बोरंही आली. गोड आहेत.

एक विचारायचं आहे आणि तू नाही म्हणालीस तरी चालेल. समीक्षा नावाची एक मुलगी स्तनाचा आजार हाडाकडेच का वळतो, यावर काम करते. तिला असे ब्लॉक हवे आहेत, ज्यांच्या मालकिणींचं पुढे काय झालं ते माहीत आहे. तुझं नाव तिला कळणार नाही. पण ते तुझ्या अंगाचे आहेत, आणि आता मला ठाऊक आहे की त्यांच्यावर आणखी कुणाचा हक्क आहे. तिन्हींचं काय करायचं, ते तुम्ही दोघांनी ठरवून लिहून कळव. मी तसंच करीन.

तुझी,
रेणू


रोहिणखेड
१६ मार्च २०२४

प्रिय रेणू,

दुसरं इंजेक्शन झालं. पहिल्याला थंडी वाजून आली, दुसऱ्याला काही नाही. काल मी उशीशिवाय बसून मिस्बाहच्या वह्यांना कव्हरं घातली. डॉक्टर म्हणतात, इतक्या लवकर सांगता येत नाही. मला सांगता येतं. हाड माझं आहे.

आम्ही दोघांनी ठरवलं. मला वाटलं होतं हे तिन्ही परत मागतील. तुला समजावणारं पत्रही मी मनात लिहून ठेवलं होतं. पण नागपूरहून आले त्याच संध्याकाळी हे रुमाल घेऊन अम्मींकडे गेले आणि हात धुऊन येऊन म्हणाले, "मातीचा वाटा मातीले पोचला. बाकीचं रेणूबाईपाशी राहू दे. तिथं त्याले कोनीतरी हाय."

तेव्हा असं कर.

ज्याचा कोपरा गेला आहे तो ब्लॉक माझ्यासाठी ठेव. मला पुढे अजून लागेल. मी इतक्यात कुठे जात नाही.

दुसरा त्या समीक्षाला दे. पूर्ण दे, पुरवून पुरवून नको. नाव सांगायला माझी हरकत नाही, पण तुमचा नियम असेल तर एवढंच सांग की ही बाई बरी होते आहे, आणि समीक्षाला लागेल ते वेळोवेळी कळवत जा. तिच्या कापण्यात जो भुसा पडेल, तो प्राचीने कागदात बांधून ठेवावा. नौशाद आला की घेऊन जाईल.

तिसऱ्यातून जो कुणी खरंच काम करणारा मागेल त्याला काप दे, ओळखीचा असो वा नसो, हिंदू असो, मुसलमान असो. कोण खरा, ते तू ठरव. पण अर्ध्यावर थांब. तो अर्धा मिस्बाहच्या नावाने ठेव. तू एकदा म्हणाली होतीस की असे आजार कधी कधी घरातल्या मुलींकडे जातात, आणि त्या वेळी आजीची गाठ हाताशी असली तर फार काम होतं. तुझ्यानंतर तिथे जो बसेल त्याला हे लिहून दे.

तिला तो लागणार नाही, हे मला माहीत आहे. ती माझ्याएवढी म्हातारी झाली की तिने स्वतः मलकापूरहून गाडीने यावं, तो घ्यावा आणि माझ्या पायथ्याशी पुरून टाकावा.

तुझी,
राबिया